अनोळखी व्यक्तीचा बग अहवाल स्पॅमबरोबर केरात जाऊ नये, यासाठी काय करावे?

प्रश्न: स्वल्पविराम

नमस्कार. आम्ही दोघे मिळून सी भाषेतील एक लहानशी लायब्ररी सांभाळतो. सीएसव्ही फायली, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर, वाचणे, एवढेच तिचे काम आहे. बग कळवण्यासाठी आमच्याकडे एकच दार आहे, ते म्हणजे प्रकल्पाची मेलिंग लिस्ट. सुरुवातीपासून ती सर्वांना खुली होती आणि सदस्य नसलेल्याचे पत्रही थेट यादीवर जात असे. गेल्या वर्षभरात स्पॅम इतका वाढला की दिवसाला ४०-५० पत्रे कर्जाची, औषधांची आणि 'तुमच्या संकेतस्थळाला पहिल्या पानावर आणून देतो' अशा आश्वासनांची येऊ लागली. जुने सदस्य यादी सोडून जाऊ लागले, तेव्हा मी वैतागून यादी चालवणाऱ्या मेलमन या प्रोग्रॅममध्ये सदस्य नसलेल्यांची सर्व पत्रे 'डिस्कार्ड' करण्याचा, म्हणजे न कळवता टाकून देण्याचा, पर्याय निवडला. यादी एका रात्रीत शांत झाली आणि मीही निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांनी एका गृहस्थांनी आमच्या चॅट चॅनेलवर विचारले, की त्यांच्या पत्राला कोणीच उत्तर का दिले नाही. यादीच्या संग्रहात त्यांचे पत्र नव्हते आणि त्यांना ते परतही आले नव्हते. पुष्कळ शोधल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ सापडली. तिच्यात तारीख, त्यांचा पत्ता आणि पत्र टाकून दिल्याची नोंद होती. त्यांनी कळवलेला बग खरा होता. फाईलच्या अगदी शेवटी अवतरणचिन्ह उघडे राहिले आणि त्यापुढे नवी ओळ नसली, तर आमचा कोड बफरच्या (वाचलेला मजकूर ठेवण्याच्या स्मृतीतील जागेच्या) सीमेपलीकडचा एक बाइट वाचतो. मधल्या काळात आम्ही नवी आवृत्ती प्रसिद्ध केली होती आणि तो बग तिच्यातही तसाच गेला.

आता मी तो पर्याय काढून टाकला आहे आणि स्पॅम पुन्हा पूर्ववत सुरू झाला आहे. यादी बंद न करता स्पॅम कसा आवरावा, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की जे अहवाल आमच्यापर्यंत पोहोचतात त्यांतले निम्मे 'फाईल उघडत नाही, लवकर दुरुस्त करा' एवढ्यावरच संपतात. मग चार-पाच पत्रे इकडून तिकडे गेल्यावर कळते, की बग आमच्या कोडमध्ये नाहीच. माझ्या सहकाऱ्याच्या मते हे दोन वेगळे विषय आहेत. मला मात्र ते एकच वाटतात, कारण अनोळखी माणसाचे पत्र उघडल्यावर पहिल्या दहा सेकंदांत दोन्हींचा निर्णय होतो.

---

उत्तर: रांगेतला पहारेकरी

आपल्या सहकाऱ्यांपेक्षा मी आपल्याशी सहमत आहे. एका प्रोग्रॅमिंग लिस्टचा मॉडरेटर म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर मला जाणवलेली सर्वांत मोठी अडचण अशी, की प्रथमच लिहिणाऱ्याच्या बग अहवालात स्पॅमची जवळजवळ सगळी लक्षणे असतात. पत्ता अनोळखी असतो, आधीचा पत्रव्यवहार नसतो, सोबत अटॅचमेंट असते, मजकुरात दोन-तीन दुवे असतात, विषयाच्या जागी नुसते 'मदत' किंवा 'तातडीचे' असते आणि कधी कधी पत्राची भाषाही यादीच्या नेहमीच्या भाषेहून वेगळी असते. उलट यादीवर रोज गप्पा मारणाऱ्या सदस्याचे पत्र कोणताही फिल्टर अडवत नाही, पण बग सहसा तो कळवत नाही, कारण खाचखळगे कुठे आहेत हे त्याला पाठ झालेले असते आणि तो ते नकळत चुकवून जातो.

म्हणून पहिला नियम असा, की सदस्य नसलेल्याचे पत्र 'डिस्कार्ड' करू नये, 'होल्ड' करावे, म्हणजे मॉडरेटर पाहीपर्यंत रांगेत ठेवावे. 'रिजेक्ट', म्हणजे नकार कळवून पत्र परत करणे, हा मधला पर्याय सभ्य दिसतो, पण तोही टाळावा. त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो. स्पॅममधील 'प्रेषक' हा पत्ता बहुतेक वेळा खोटा किंवा दुसऱ्या कोणाचा तरी उचललेला असतो. आपल्या सर्व्हरने पत्र एकदा स्वीकारले आणि नंतर मेलमनने 'तुमचे पत्र नाकारले आहे' असे उत्तर पाठवले, तर ते उत्तर ज्याचा काहीच संबंध नाही अशा माणसाच्या टपालपेटीत जाऊन पडते. अशी हजारो उत्तरे गेली, की आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. नाकारायचे असेल, तर ते जोडणी चालू असतानाच, एसएमटीपीच्या (सर्व्हरांमधील पत्रव्यवहाराच्या नियमांच्या) पाचशेच्या मालिकेतील, म्हणजे कायमच्या नकाराचा, कोड देऊन नाकारावे. तसे केल्यास पत्र आपण स्वीकारलेलेच नसते आणि खऱ्या प्रेषकाला त्याचा स्वतःचा सर्व्हर कळवतो, की पत्र पोहोचले नाही. आपल्या बग कळवणाऱ्या गृहस्थांना एवढे जरी कळले असते, तरी त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली नसती.

याचा अर्थ चाळणी दोन ठिकाणी हवी: एक मेल सर्व्हरवर आणि दुसरी यादीच्या दारात. सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग करून पाहण्यासारखे आहे. अनोळखी सर्व्हरला प्रथम 'थोड्या वेळाने या' असा तात्पुरता कोड द्यायचा. खरा मेल सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो आणि घाईत पत्रे फेकत जाणारा प्रोग्रॅम बहुधा करत नाही. ही युक्ती २००३ मध्ये मांडली गेली, तेव्हा तिचा परिणाम जबरदस्त होता. आज पुष्कळसा स्पॅम मोठ्या मेल सेवांच्या खऱ्या खात्यांवरून येतो आणि ते सर्व्हर इमानेइतबारे पुन्हा दार ठोठावतात. त्यामुळे या युक्तीवर फार विसंबू नये.

खरे काम होते ते स्पॅमअसॅसिनसारख्या गुण देणाऱ्या फिल्टरमुळे. गुण जितके जास्त, तितकी पत्र स्पॅम असल्याची शंका जास्त; त्याची मूळ मर्यादा ५ गुणांची असते. आम्ही ५ पर्यंतची पत्रे नेहमीच्या होल्ड रांगेत, ५ ते १० मधील पत्रे 'संशयित' असा शिक्का मारून त्याच रांगेत ठेवतो आणि त्यावरची सर्व्हरच्या दारातच नाकारतो. त्यातील बेजियन भाग, म्हणजे आधीच्या पत्रांतील शब्दांवरून शिकून अंदाज करणारा भाग, आपोआप शहाणा होत नाही. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रे दाखवल्याशिवाय तो आपले मत देतच नाही. येथे आपल्या यादीचा जुना संग्रह सोन्यासारखा उपयोगी पडेल. त्यातली पत्रे 'चांगली' म्हणून शिकवलीत, की 'सेगमेंटेशन फॉल्ट', 'बॅकट्रेस', आपल्या फंक्शनांची नावे आणि आवृत्तीचे क्रमांक हेच शब्द पत्राच्या बाजूने साक्ष देऊ लागतात. या शब्दांच्या वाटेला कोणताही स्पॅम पाठवणारा जात नाही. शब्दांच्या संभाव्यतेवर चालणाऱ्या फिल्टरचा पुरस्कार पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये केला, तेव्हा तो एका माणसाच्या टपालपेटीसाठी होता. माझा अनुभव असा, की एकाच विषयाला धरून चालणाऱ्या यादीवर तो त्याहूनही चांगला चालतो.

आता होल्ड रांगेविषयी. मेलमन २ च्या प्रलंबित पत्रांच्या पानावर अगदी वरच एक चौकोन असतो. त्यावर खूण केली, की 'डिफर' (निर्णय नंतर) म्हणून ठेवलेली सगळी पत्रे एका झटक्यात टाकून दिली जातात. सकाळच्या घाईत मी स्वतः त्या चौकोनाने तीन खरे अहवाल घालवले आहेत. प्रत्येक पत्राचा विषय आणि पहिल्या पाच ओळी वाचल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा दंडक मी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला. पत्र मंजूर करतानाच त्या पत्त्याला पुढच्या वेळेपासून थेट प्रवेश द्यावा. तशी खूण करण्याची सोय त्याच पानावर असते. पत्रे किती दिवस रांगेत ठेवायची याची मर्यादा शून्य, म्हणजे 'कायम', आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. नाहीतर कोणी ती बदललेली असते आणि आपण सुट्टीवरून परत येईपर्यंत रांग आपोआप रिकामी झालेली असते.

एक स्पॅम निसटून यादीवर गेलाच, तर त्याला कोणी उत्तर देऊ नये. 'हे स्पॅम आहे, बंद करा' असे लिहिणारा सदस्य त्या पत्राचा मजकूर उद्धृत करतो आणि तोच दुवा संग्रहात दुसऱ्यांदा छापला जातो. मेलमन २ च्या संग्रहातून असे पत्र उपटून काढू नये. तेथे पत्रांचे पत्ते अनुक्रमांकावरून ठरतात. मधले एक पत्र काढून संग्रह पुन्हा बांधला, की त्यानंतरच्या पत्रांचे क्रमांक सरकतात आणि वर्षानुवर्षे बग नोंदींत दिलेले दुवे भलत्याच पत्राकडे जाऊ लागतात. पत्र जागेवर ठेवून फक्त त्याचा मजकूर पुसावा.

---

उत्तर: बाइटमोजणी

पहारेकरी यांनी दाराची बाजू सांगितली आहे, मी आतल्या कागदाविषयी लिहितो.

अर्धवट अहवालांचा दोष आपण लिहिणाऱ्यावर टाकतो, पण काय लिहायला हवे हे आपण त्याला कुठे सांगितलेले असते? आपल्या रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या, फाईलमध्ये दहा ओळींचा एक नमुना असावा: काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, लायब्ररीची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर आणि बग दाखवणारी शक्य तितकी लहान फाईल. आवृत्तीच्या जागी 'सर्वांत नवीन' असे लिहू नये, अशी स्पष्ट सूचना द्यावी, कारण ते पत्र आपण दोन महिन्यांनी वाचू तेव्हा 'सर्वांत नवीन' ही आवृत्ती दुसरीच झालेली असेल. एरर संदेशाचा स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा; चित्रातील मजकूर संग्रहात शोधता येत नाही आणि केवळ चित्र असलेले पत्र फिल्टरलाही खुपते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवणे. मी सांभाळत असलेल्या एका प्रोग्रॅमविषयी एकदा अहवाल आला होता, की 'तुमचा प्रोग्रॅम युनिकोड वाचू शकत नाही'. हे अनुमान होते, आणि तेही चुकीचे. मी निरीक्षण विचारले, तेव्हा कळले की 'सीता' हा शब्द नीट येतो आणि 'नमस्कार' या शब्दाच्या शेवटी मात्र चौकोन दिसतो. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यात मात्रा व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे 'सीता' चार चिन्हांचा, म्हणजे १२ बाइटांचा शब्द आहे आणि 'नमस्कार' सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा. कोडमध्ये एका स्तंभासाठी २० बाइटांची जागा होती. शेवटच्या 'र'चे ई०, ए४, बी० हे तीन बाइट असतात; त्यांतले पहिले दोन आत आले आणि तिसरा कापला गेला. युनिकोडचा यात काही दोष नव्हता, कात्री अक्षराच्या मध्यावर चालली होती. ते गृहस्थ 'युनिकोड चालत नाही' यावरच अडून राहिले असते, तर मी आठवडाभर चुकीच्या फंक्शनमध्ये शोधत बसलो असतो. 'सीता चालते, नमस्कार चालत नाही' हे एक वाक्य त्यांच्या पहिल्या पत्रात असते, तर दहा मिनिटांत काम झाले असते.

आपली लायब्ररी सीएसव्ही वाचते, म्हणून एक धोका मुद्दाम सांगतो. लोक बिघडलेली फाईल पत्राच्या मजकुरात चिकटवतात आणि मेल प्रोग्रॅम वाटेत तिच्यावर 'संस्कार' करतो. सरळ अवतरणचिन्हे गोलाकार होतात, टॅबच्या जागी रिकाम्या जागा येतात, लांब ओळी मोडतात, ओळीच्या शेवटची मोकळी जागा नाहीशी होते. आपला बग शेवटच्या उघड्या अवतरणचिन्हाचा आणि नसलेल्या नव्या ओळीचा होता. चिकटवलेल्या मजकुरात हाच फरक पहिल्यांदा पुसला जातो, मग आपण फाईल चालवून पाहतो, सगळे व्यवस्थित चालते आणि आपण 'येथे बग दिसत नाही' असे उत्तर देऊन मोकळे होतो.

फाईल झिप करून जोडा असे सांगावे, तर अनोळखी पत्त्यावरून आलेली झिप फाईल पाहून फिल्टर दचकतो. आपले दोन प्रश्न एकच आहेत, हे मला याच जागी पटले. मी यावर असा मार्ग काढला आहे: फाईल लहान करत करत दोन-चार ओळींवर आणायची आणि तिचा हेक्सडम्प, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अंकी सोळा-आधारित आकड्यात दाखवणारी यादी, पत्राच्या मजकुरातच द्यायचा. हेक्सडम्प हा साधा मजकूर असतो, वाटेत त्याची ओळ मोडली तरी पुन्हा जोडता येतो आणि त्यात प्रत्येक बाइट डोळ्यांना दिसतो. शेवटी ०ए, म्हणजे नव्या ओळीचा बाइट, आहे की नाही, यावर मग वाद उरत नाही.

क्रॅशचा अहवाल असेल, तर डीबग चिन्हांसह (फंक्शनांची नावे आणि ओळींचे क्रमांक टिकवून) बांधलेल्या प्रोग्रॅमचा बॅकट्रेस, म्हणजे क्रॅशच्या क्षणी कोणती फंक्शने चालू होती त्याची यादी, मागावा. त्याशिवायचा बॅकट्रेस म्हणजे प्रश्नचिन्हांची माळ असते. आपल्या एका बाइटाच्या बगसारखे दोष तर बहुतेक यंत्रांवर क्रॅशही होत नाहीत. तेथे ॲड्रेस सॅनिटायझर (स्मृतीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) लावून बांधलेला प्रोग्रॅम चालवला, की तो नेमकी ओळ दाखवतो. 'मागच्या आवृत्तीत चालत होते' असे कोणी म्हटले, तर गिट बायसेक्ट करायला, म्हणजे बदलांचा इतिहास निम्मा-निम्मा करत दोषी बदल शोधायला, सांगावे. दोन आवृत्त्यांमध्ये १,००० कमिट (नोंदवलेले बदल) असले, तरी साधारण १० वेळा बांधून पाहिल्यावर दोषी कमिट हाती लागते. हे काम मात्र प्रत्येकाकडून अपेक्षू नये. ज्याने फाईल दिली, त्याने त्याचे काम केले आहे.

---

उत्तर: एकदाच येणारा

मी लायब्ररी लिहीत नाही, वापरतो, आणि बग सापडला की कळवतो. दाराच्या बाहेरून हे सगळे कसे दिसते, तेवढे सांगण्याची परवानगी असावी.

एका बगसाठी मी यादीचा सदस्य होत नाही. सदस्य झालो की दिवसाला तीस पत्रे माझ्याकडे येऊ लागतात, आणि माझे काम तर एकाच पत्राचे असते. डेबियन या लिनक्स वितरणाची बग नोंदवही आजही मेलवर चालते, तिथे सदस्यत्व लागत नाही, प्रत्येक बगला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचा स्वतंत्र पत्ता असतो. तिथे लिहिताना मला कधी संकोच वाटला नाही.

पहारेकरी यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. खोट्या पत्त्यांवर उत्तरे जाऊ नयेत हे मान्य, पण पत्र रांगेत आहे एवढेसुद्धा कळले नाही, तर माझ्यासारखा माणूस दोन दिवसांनी तेच पत्र पुन्हा पाठवतो, आणि चौथ्या दिवशी तो नादच सोडतो. होल्ड केल्याची पोच मिळावी, असे मला ठामपणे वाटते.

---

उत्तर: रांगेतला पहारेकरी

आपला आक्षेप रास्त आहे. मी ती पोच सरसकट बंद ठेवली होती, ती या चर्चेनंतर बदलतो. ज्या पत्रांना फिल्टरने अगदी कमी गुण दिले आहेत, त्यांच्याच प्रेषकांना पोच जाईल आणि 'संशयित' शिक्का असलेल्यांना जाणार नाही. शिवाय 'सदस्य नसल्यास पत्र मॉडरेटरकडे जाते, दोन दिवसांत उत्तर न आल्यास पुन्हा लिहावे' हे वाक्य बग कळवण्याच्या सूचनांमध्येच टाकणार आहे. त्याला कोणताही सर्व्हर लागत नाही.

---

उत्तर: हेडरवाचक

पत्र रांगेतून मंजूर झाले म्हणजे ते पोहोचले, असे येथे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. ते तसे नाही, म्हणून थोडे लिहितो.

मेलिंग लिस्ट पत्राच्या विषयात आधी कंसातले नाव घालते आणि खाली सदस्यत्व रद्द करण्याची तळटीप जोडते. या दोन्ही बदलांनी मूळ प्रेषकाच्या सेवेने केलेली डीकेआयएम सही, म्हणजे पत्र वाटेत बदललेले नाही याचा पुरावा, बिघडते. पत्र यादीच्या सर्व्हरवरून पुढे गेल्यामुळे एसपीएफही, म्हणजे त्या डोमेनची पत्रे कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची तपासणीही, मूळ प्रेषकाच्या डोमेनशी जुळत नाही. ज्या डोमेनचे डीमार्क धोरण (या दोन्ही तपासण्या फसल्यास पत्राचे काय करावे याची सूचना) 'नाकारा' असे आहे, तेथून आलेला बग अहवाल मग अनेक सदस्यांचे सर्व्हर दारातच परत पाठवतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी हे धोरण लागू केले, तेव्हा जगभरच्या याद्यांवर हाच गोंधळ झाला: पत्र पाठवले एकाने आणि सदस्यत्व स्थगित झाले भलत्यांचेच, कारण परत आलेली पत्रे मोजणाऱ्या मेलमनला ते सदस्यच बंद पडल्यासारखे दिसले.

सर्वांत साधा उपाय म्हणजे यादीने पत्राला हातच लावू नये. विषयातील कंस आणि तळटीप दोन्ही काढून टाकावीत. यादी ओळखण्यासाठी लिस्ट-आयडी हे हेडर २००१ पासून प्रमाणित आहे आणि वाचकाचा मेल प्रोग्रॅम त्यावरून पत्रे वेगळी काढू शकतो. दुसरा उपाय म्हणजे प्रेषकाच्या जागी यादीचाच पत्ता घालणे. तो चालतो, पण त्यात बग अहवालांसाठी एक खोच आहे. प्रेषकाचा खरा पत्ता दुसऱ्या हेडरमध्ये सरकतो, उत्तर देणारा सदस्य सवयीने फक्त यादीला उत्तर देतो आणि जो यादीचा सदस्यच नाही, त्या बग कळवणाऱ्याला ते उत्तर कधीच मिळत नाही. आपण त्याला 'फाईल पाठवा' म्हणून विचारतो आणि तो गप्प बसला असे समजून पंधरा दिवसांनी बग बंद करतो. मंजूर केलेल्या प्रत्येक अनोळखी पत्राला पहिले उत्तर देताना त्या व्यक्तीचा पत्ता 'प्रत' या रकान्यात स्वतः हाताने घालावा.

देवनागरीतून विषय लिहिणाऱ्यांसाठी थोडे अवांतर: विषयातील अक्षरे नियमाप्रमाणे सांकेतिक रूपात न बदलता तशीच कच्ची पाठवली, तर स्पॅमअसॅसिन त्याबद्दल वेगळे गुण लावतो. नेहमीचे मेल प्रोग्रॅम हे नीट करतात. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमधून अहवाल पाठवणारे मात्र येथे अडकतात. मीही अडकलो होतो.

---

उत्तर: बाइटमोजणी

स्पॅमचा एक नवा प्रकार राहून गेला. अलीकडे एआय भाषा-प्रारूपांकडून लिहून घेतलेले बग अहवाल येऊ लागले आहेत. त्यांत शीर्षके नीटनेटकी असतात, गांभीर्याची पातळी नमूद असते, शेवटी सुचवलेला पॅचही (दुरुस्तीचा कोडही) असतो, फक्त बग नसतो. कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमच्या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ पासून याविषयी जाहीरपणे लिहिले आहे. असले अहवाल कोणताही फिल्टर पकडत नाही, कारण त्यात सगळे शब्द आपलेच असतात. पहारेकरी यांचा बेजियन साक्षीदार येथे चक्क उलटतो.

यांची परीक्षा मी एकाच प्रश्नाने करतो: 'ज्या फाईलने हे घडते, तिचा हेक्सडम्प पाठवा.' खरा माणूस ओबडधोबड भाषेत का होईना, फाईल पाठवतो. दुसरीकडून तीन परिच्छेदांची क्षमायाचना येते. लिहिणाऱ्याची भाषा मोडकी आहे म्हणून अहवाल खोटा ठरवू नये, आणि सफाईदार आहे म्हणून खराही मानू नये.

सुरक्षेशी संबंधित दोष सार्वजनिक यादीवर येऊ नयेत म्हणून वेगळा खासगी पत्ता ठेवावा, हे आपण करत असालच. आपला तो सीमेपलीकडचा बाइट खरे तर त्याच पत्त्यावर यायला हवा होता.

---

प्रश्नकर्त्याचे उत्तर: स्वल्पविराम

सर्वांचे मनापासून आभार. नाही, खासगी पत्ता आमच्याकडे नव्हता. तो काल सुरू केला.

बाकीचे असे: सदस्य नसलेल्यांची पत्रे आता होल्ड होतात. संग्रहातील जुनी पत्रे फिल्टरला शिकवली. विषयातील कंस आणि तळटीप काढली. त्यावर दोन जुन्या सदस्यांनी नाराजी कळवली आहे, ती मी सहन करीन. रीडमीमध्ये नमुना घातला आणि हेक्सडम्प कसा काढायचा, हे एका ओळीत लिहिले. रांग सकाळी मी पाहतो आणि रात्री सहकारी पाहतात. 'एकदाच येणारा' यांनी म्हटलेली पोचही कमी गुणांच्या पत्रांना जाऊ लागली आहे.

डिस्कार्ड चालू असतानाच्या सगळ्या दिवसांचा लॉगही मी काढून वाचला. त्यात पत्रांचा मजकूर नसतो, फक्त पत्ते असतात. तरी कचऱ्यासारखे न दिसणारे सहा पत्ते सापडले. त्या सहाही जणांना मी स्वतः लिहिले, की आपले पत्र आमच्या चुकीने हरवले, कृपया पुन्हा पाठवावे. दोघांची उत्तरे आली. एकांना बग नव्हे, परवान्याविषयी शंका होती.

दुसऱ्यांचे पत्र आज सकाळी रांगेत होते. विषयाच्या जागी नुसते 'पुन्हा' लिहिलेले, फिल्टरचे ४.१ गुण, आत अभिवादनाचा एक शब्दही नाही आणि खाली आठ ओळींचा हेक्सडम्प. फाईलच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट आहेत, म्हणजे बाइट-क्रमाची खूण. आमचा कोड ती पहिल्या स्तंभाच्या नावाचाच भाग समजतो, म्हणून त्यांना तो स्तंभ नावाने सापडत नाही. बग माझ्याकडेही तसाच दिसतो आहे. मी त्यांचा पत्ता 'प्रत' रकान्यात घालून उत्तर पाठवले आहे आणि दुरुस्ती करायला बसलो आहे.